गोतावरून काढलेला चेहरा

चंद्रपुरात जटपुरा गेटाच्या आत, भांड्यांच्या दुकानांची रांग संपते तिथे बोमनवारांचं चित्रदालन आहे. खाली दुकान, वर दालन. खाली येणाऱ्या माणसाला काम असतं आणि वर जाणाऱ्याला नसतं, असं हेमराज बोमनवार गिऱ्हाइकांना हसत सांगायचे. त्यांचा स्वतःचा जीव मात्र जन्मभर वरच्या मजल्यावरच अडकलेला. आता गुडघ्यांनी दगा दिला, जिना चढवत नाही, म्हणून ते खाली कूलरसमोर खुर्चीत बसतात आणि वर कुणाची पावलं वाजली की मान उचलून ऐकत राहतात. दुकान त्यांची लेक रंजीता सांभाळते.

हेमराजांचे वडील नानाजी झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, रान, नदीचा घाट, तुरुंग. एकदा रंगवला की पडदा कितीतरी हंगाम चालायचा. अशाच एका गावी पडदा टांगून झाल्यावर एक शेतकरी त्यांना म्हणाला, "भाऊ, एवढं मोठं रान काढलं, तं माह्या मेल्या बापाचं तोंड काढून द्या ना." फोटो मागितला तर फोटो नव्हताच. तेव्हा फोटोसाठी तालुक्याला जावं लागे, आणि कोर्टकचेरी मागे लागल्याशिवाय तालुक्याला कोण मरायला जातो? नानाजी थोडा वेळ विचार करून म्हणाले, "बाप नाही, पण बापाचं गोत तर आहे ना? साऱ्यांना घेऊन ये."

तिथून ही रीत पडली. मेलेल्याचं गोत दुकानातल्या लांब बाकावर ओळीनं बसायचं. कपाळ भावाचं, नाक थोरल्या लेकीचं, हनुवटी आत्याची, कान नातवाचे. रक्त कुठं ना कुठं उमटतंच, ते वेचता आलं पाहिजे, एवढंच. पण वेचलेलं खरं की खोटं हे चित्रकारानं ठरवायचं नाही. गोतात ज्यानं त्या माणसाला डोळ्यांनी पाहिलेलं असेल असा एक जण लागे. त्याला बोमनवारांच्या घरात 'ओळखणारा' म्हणतात. चित्र पुरं झालं की त्याच्यासमोर कापड बाजूला करायचं आणि त्यानं "हाच" किंवा "हीच" म्हणायचं. तसं तो म्हणाला तरच चित्र घरी जायचं. तो चाचरला, गप्प राहिला, नुसतं "तसाच वाटते" म्हणाला, तरी नानाजी कापड पुन्हा ओढायचे आणि नवीन चित्राला बसायचे. दोन-चारदा करूनही जमलं नाही तर माणसं हात जोडून गावी जायची आणि चित्र वरच्या मजल्यावर जायचं.

वरचं दालन भरलं ते असं. त्या भिंतींवर जे कुणी आहेत ते कुणाचेच नाहीत. चांगले, जिवंत, आत्ता बोलतील असे चेहरे, पण कुणाच्या बापाचे नाहीत की कुणाच्या आजीचे नाहीत. नागपूरचे चित्रकार येतात, तासन्‌तास उभे राहतात, वाहवा करतात आणि चहा पिऊन जातात. शेजारचा भांडेवाला म्हणतो, "बोमनवारांनी दुसऱ्यांचे पितर पोसले, तेही बेवारस." रंजीता लहानपणी त्या चेहऱ्यांना आपल्या मनानं नावं द्यायची. रविवारी त्यांच्यावर बसलेली कोळशाची काळी धूळ पुसणं हे तेव्हापासून तिचंच काम, आणि ते तिनं कधी टाळलं नाही.

आता काळ बदलला. ज्याच्या त्याच्या खिशात फोटो. माणूस गेला की तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर गेलेला माणूस गॉगल लावून हसत असतो. रंजीता मोबाइलमधले फोटो मोठे करून देते, फ्रेमा करते, कधी एखाद्या शाळेची भिंत रंगवते. गोतावरून चित्र काढून घ्यायला कुणी येऊन वर्षं लोटली होती. म्हणून त्या एप्रिलच्या दुपारी दारात उभ्या असलेल्या बाईनं तो शब्द काढला तेव्हा हेमराज खुर्चीत ताठ झाले.

"बाई, फोटो नसला तरी इथी मेलेल्या मान्साचं चित्र काढून भेटते म्हनते. गोतावरून."

बाईचं नाव गोकुळा. पोंभुर्ण्याकडच्या एका गावची, तळ्यातल्या मासोळीवर आणि थोड्या धानावर जगणारी. पन्नाशी उलटलेली. तिच्या मागं काठी टेकत एक म्हातारा होता, उन्हानं आणि पाण्यानं कातडीचं पार चामडं झालेला. हा मुखरू, तिचा मामा. दोघं एसटीनं आले होते. गोकुळानं पिशवीतून सुकवलेल्या झिंग्यांची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि मग बाकावर टेकली.

"कोणाचं काढायचं?" रंजीतानं विचारलं.

"माह्या मायचं. पारबता नाव. मी जलमली अन् ती गेली. तिचा फोटो नाई, काई नाई. बापानं दुसरं घर केलं अन् माजरीकडं खानीत कामाले गेला, तो बी आता नाई. मले या मामानं वाढोलं. तिले पाह्यलेला आता हा एकच जित्ता आहे."

तिच्या धाकट्या मुलीचं, भाग्यश्रीचं, लग्न ठरलं होतं. त्यांच्याकडे मांडवाच्या दिवशी घरातल्या गेलेल्यांना बोलावतात. चौरंगावर त्यांचे फोटो मांडतात, हळदकुंकू लावून हार घालतात, आणि घरच्या बायका एकेक करून पाया पडतात. पारबताच्या नावानं आजवर सुपारी मांडत आले होते.

"थोरल्या दोघांच्या लग्नात सुपारीच्याच पाया पडली," गोकुळा म्हणाली. पुढचं बोलावं की नको हे तिचं ठरत नव्हतं. शेवटी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, मले लहानपनापासून सारे 'माय खाऊन आली' म्हनत. खेळताना पोट्ट्या म्हनत. सासरी गेली तं सासूबी तेच म्हने. मले एकदा तिच्या पाया पडाचं आहे, अन् माफी मागाची आहे. सुपारीची माफी मागून पाह्यली. समाधान नाई होत. सुपारीले तोंड नाई."

मुखरू खाली मान घालून काठीच्या टोकानं फरशी कोरत होता. तिची स्वतःची आई ती कॉलेजात असताना गेली, पण तिचे फोटो घरात पेटीभर होते. तिनं कोळशाची कांडी घेतली आणि म्हणाली, "मुखरूभाऊ, असे उजेडाकडे तोंड करून बसा. बहिणीचं काहीतरी तुमच्यात असेलच."

पहिलं रेखाटन झालं. मुखरूनं ते दूर धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"नाई. नाक असं नोतं. पारबताचं नाक बसकं होतं."

"आणखी?"

"कपाळ लहान होतं. अन् हसे तं तोंडावर पदर घे. आमची माय रागवे, कायले दात लपोते म्हने, चोरी केली काय? तं आनखीच हसे."

गोकुळा वळून मामाकडे पाहत राहिली. "मामा, हे तं तू कधी सांगतलंच नाई."

"कोनी इचारलंच नाई," म्हातारा म्हणाला.

मग ते येत राहिले. सकाळच्या गाडीनं यायचे, दुपारी परतायचे. रंजीता काढायची आणि मुखरू "नाई" म्हणायचा. प्रत्येक नाईबरोबर तो काहीतरी द्यायचा. पारबताला वाम मासा चालत नसे, सापासारखा दिसतो म्हणून. जाळं ओढताना ती पोरांच्या बरोबरीनं गुडघाभर गाळात उतरायची. मुखरूला ताप आला तेव्हा तिनं त्याला पाठीवर घेऊन वैद्याकडं नेलं आणि वाटेत दोनदा आपटलं, आणि दोन्ही वेळा त्यालाच शिव्या दिल्या. गोकुळा हे सगळं पिऊन घेत होती. उपाशी माणसाच्या पानात वाढत राहावं तसं चाललं होतं. आता रंजीताचं चित्र होवो न होवो, ही बाई दर वेळी आलेल्यापेक्षा थोडी हलकी होऊन जाते, हे हेमराजांनाही दिसत होतं.

पण त्यांना आणखी एक दिसत होतं. एका दुपारी दोघं गेल्यावर ते म्हणाले, "पोरी, म्हातारा पहिल्या दिवशी नाक बसकं म्हणाला होता."

"हो."

"आज धारदार म्हणाला. कपाळही मोठं झालं आज."

रंजीतानं रेखाटनं एकावर एक ठेवली. तिलाही ते कळलं होतं, पण कळलेलं कबूल करायची तिची तयारी नव्हती. "म्हातारं माणूस आहे बाबा. गडबडते."

"तो तोंड सांगून नाही राह्यला. तोंड धुंडून राह्यला," हेमराज म्हणाले आणि कूलरकडे पाहत बसले.

पुढच्या खेपेला गोकुळा आहेराची लुगडी घ्यायला बाजारात गेली. मामाला उन्हात कशाला फिरवू म्हणून त्याला दुकानातच ठेवलं. ती नजरेआड झाली तसा मुखरू बाकावरून उठला आणि रंजीताच्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला.

"बाई, एक सांगतो. रागवू नोको."

"बोला ना भाऊ."

"पारबता मले दिसत नाई आता."

म्हाताऱ्यानं काठी दोन्ही हातांत धरली होती.

"आवाज आयकू येते. हातातल्या बांगड्या दिसते. मले पाठीवर घेतलं तवाची तिची मान दिसते मागून. फक्त तोंड नाई. तोंडाच्या जागी काईच नाई, पान्यावानी. कवा गेलं तेबी ध्यानात नाई."

"मग नाक असं, कपाळ तसं, हे सगळं?"

"काई तरी सांगा लागे ना. गोकुळा माह्याकडं पाहत बसते. लहान होती तवाबी असीच पाहे, मामा मायचं सांग म्हने. तवा बहिनीचं नाव काढलं का माहा गळा दाटे, म्हनून मी नावच काढत नोतो. आता सांगाले बसलो तं सांगाचं तेच हरपलं." त्यानं दाराकडे पाहिलं. गोकुळा अजून आली नव्हती. "तुमी बनवा तुमाले बनवाचं तसं. एवढं खपून राह्यल्या. कापड काढलं का मी 'हीच' म्हनतो. पोरीचं समाधान होऊन जाईन. मी काई लय दिवसाचा नाई, बाई. मी गेल्यावर तं तिले 'हीच' म्हननारंबी कोनी राहनार नाई."

कूलरच्या आवाजातही हेमराजांनी हे सगळं ऐकलं होतं. त्यांचे कान गुडघ्यांसारखे थकले नव्हते. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढता ओढता रंजीतानंच विषय काढला. बाबा काय म्हणतील ते तिला ठाऊक होतं आणि म्हणूनच तिचा आवाज आधीच चढलेला होता.

"तो 'हीच' म्हणाला तर आपला नियम पाळला गेला ना?"

"नियम पाळला जाईन. चित्र खोटं राहीन."

"वरती इतकी खरी चित्रं टांगली आपण, त्यांतलं एक तरी कोणाच्या उपयोगी पडलं? ती बाई जन्मभर शिवी ऐकत आली, बाबा. तिला एक तोंड पाहिजे. पाया पडायला, माफी मागायला. तेवढंच पाहिजे."

"मग ती परक्या बाईची माफी मागन," हेमराज म्हणाले. त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता. "अन् ती परकी बाई तिच्या घरात माय म्हणून बसन. नातवंडं तिला आजी म्हणतीन. अन् खरी पारबता जिथी असन तिथी असन. तुह्या आज्यानं कधी कधी आम्हाला उपाशी ठेवलं, पण दुसऱ्याच्या घरात परकं माणूस नाही टांगलं."

उत्तर नसलं की माणूस हट्टाला पेटतो, तशी ती पेटली. चित्र करायचं आणि म्हाताऱ्याकडून "हीच" म्हणवून घ्यायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं. बापाच्या डोळ्यांत डोळे घालून हे सांगणं तिला जमलं नाही, आणि बापानंही पुन्हा विचारलं नाही.

मात्र खोटं करायचं तर निदान त्यात जीव ओतून करायचं, अशी तिची जात. तिनं ऊर्जानगरला कँटीनमध्ये काम करणाऱ्या भाग्यश्रीला बोलावून घेतलं. ती पोरगी आपल्या स्कूटीवरून आली, तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडला आणि बाकावर बसली. रंजीतानं तिघांना ओळीनं बसवलं. मामा, भाची आणि भाचीची लेक. तिघांत एकच गोष्ट समान होती. भुवया नाकाकडे येता येता किंचित वर उचलायच्या, आता काही विचारणार अशा. तिथून तिनं सुरुवात केली. मग गोकुळाच्या चेहऱ्यावरून तिनं हळूहळू वय उतरवलं. ऊन उतरवलं, बाळंतपणं उतरवली, तळ्याच्या पाण्यावर डोळे बारीक करून पडलेल्या सुरकुत्या उतरवल्या. डोळ्यांच्या कोपऱ्यात एक सावली होती, कुणी आता काही बोलेल की काय अशी धास्तावलेली. ती तिनं सगळ्यात शेवटी उतरवली, कारण ती कुठून आली हे तिला माहीत होतं. खाली जो चेहरा निघाला तो पोरसवदा होता, गंभीर, आणि हसू आलंच तर पदराआड लपवील असा. रंजीताला वाटलं, आजवर इतकं चांगलं काम आपल्या हातून झालं नाही. आणि त्याच वेळी तिला आपलीच लाज वाटली.

कापड काढायच्या दिवशी तिघंही आली. गोकुळानं नवं लुगडं नेसलं होतं. पायरीवर चपला काढून, देवळात यावं तशी ती अनवाणी आत आली. रंजीतानं मुखरूकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. ठरलं होतं ते त्याच्या ध्यानात होतं. हेमराज खुर्चीत होते आणि त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही.

रंजीतानं कापड ओढलं.

मुखरूनं पाहिलं. "हीच" म्हणायला त्याचं तोंड उघडलेलं होतं, पण शब्द बाहेर आला नाही. तो एक पाऊल पुढं आला. काठी हातातून सुटून फरशीवर पडली, तिच्याकडेही त्याचं लक्ष गेलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला की रंजीताला वाटलं, जुळलं. खरंच जुळलं.

"गोकुळा!" तो म्हणाला.

भाग्यश्रीनं चित्राकडून आईकडे पाहिलं.

"हे तं गोकुळा आहे ना! पाह्य वो, गोकुळा. दुपारची तळ्यावर भाकर घेऊन ये, तवाची. उशीर झाला तं अशीच भुवया वर करून उभी राहे, मामा जेवतं का नाई म्हने." तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओळखलेल्या माणसाकडं पाहावं तसा तो त्या चित्राकडं पाहत होता, आणि आपण काय म्हणायचं कबूल केलं होतं ते पार विसरला होता.

गोकुळा त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. "मामा, ही मी नाई. ही माही माय पायजे होती."

मग म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं. त्याचं हसू विझलं. त्यानं रंजीताकडे पाहिलं. तो बाकावर बसला.

"मले तिचं तोंड नाई आठवत, पोरी. मी तुह्यापाशी खोटं बोललो. नाक, कपाळ, सारं बनवलेलं होतं." पुढचं त्याला बोलता बोलताच उमगत होतं. "तू लहान होती तवा आठवे. तू तिच्यावानी दिस. तुले पाह्यलं का मले ती आठवे. रोज पाहो, रोज आठवो. पाहता पाहता तूच राह्यली. ती कवा गेली समजलंच नाई."

गोकुळा चित्राच्या आणखी जवळ गेली. रडली नाही. नंतर अगदी साध्या आवाजात, बाजाराचा भाव सांगावा तशी म्हणाली, "मंजे तिचं तोंडबी मीच खाल्लं."

भाग्यश्रीनं आईचा दंड धरला. रंजीताला वाटलं, आपण हे चित्र काढलंच नसतं तर बरं झालं असतं. आयुष्यभराची शिवी या बाईनं निदान दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली होती. आज आपण ती तिच्याच तोंडी दिली.

"चूप!"

मुखरू ओरडला होता. बाकावरून तो उठला, काठीशिवाय उठला. भाचीवर त्यानं आजवर आवाज चढवला नव्हता हे तिच्या दचकण्यावरूनच कळत होतं.

"कोन म्हनते खाल्लं? खाल्लेलं मांगं राहते काय? ते रोज माह्यापुढं होतं. भाकर आने, रुसे, भांडे, लगनात रडलं, लेकरं झाली तं हसलं. खाल्लेलं असं करन काय?" त्याला धाप लागली होती. "तिनं तुले देल्लं ते. मरताना दुसरं काय होतं वो तिच्यापाशी द्याले? होतं ते तोंड देल्लं अन् गेली. मंग मले कायले आठवन?"

गोकुळानं दोन्ही हातांनी आपला चेहरा झाकला. आत्तापर्यंत आवरलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. लहान मूल रडतं तशी ती रडली, हुंदके देत, कुणाची लाज न बाळगता, आणि मामा तिच्या पाठीवर खरबरीत हात फिरवत उभा राहिला. भाग्यश्री रडत होती. रंजीतानं डोळे पुसले आणि मग, दुसरं काय करावं ते न सुचून, चित्र फळीवरून उचललं. वर न्यायला म्हणून ती जिन्याकडे वळली.

"कुठी नेता बाई?" गोकुळानं विचारलं.

"वर. ओळखणाऱ्यानं तुम्हाला ओळखलं, गोकुळाबाई. तुमच्या आईला नाही. आमच्याकडे अशी चित्रं घरी जात नाहीत." बापाकडे न पाहता ती पुढे म्हणाली, "आणि मी तर आज त्याला खोटं बोलायला लावणार होते."

"तो खोटं बोलला नाई ना पन." गोकुळानं नाक पुसलं. "इकडं द्या ते. मांडवाच्या दिवशी चौरंगावर ठेवतो मी."

"आई, काई बोलते काय?" भाग्यश्री घाबरून म्हणाली. "ते तुह्यं तोंड आहे. साऱ्या गावाले समजन. गेलेल्याईत जित्त्या मान्साचा फोटो ठेवते काय कोनी? तुह्यावर हार पडन. अपशकुन होते आई."

"पडू दे."

"आई!"

"तिनं माह्यासाठी जीव देल्ला," गोकुळा म्हणाली, "मी तिच्यासाठी एक हार घालून घेतला तं काय झालं?"

रंजीता चित्र हातात धरून जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभी होती. मग तिला मागे काहीतरी सरकवल्याचा आवाज आला म्हणून तिनं वळून पाहिलं. हेमराजांनी खुर्चीतून वाकून टेबलाखालचा, गिऱ्हाइकांची चित्रं बांधून द्यायचा सुतळीचा गुंडा आणि खाकी कागद काढला होता, आणि ते दोन्ही ते टेबलावरून लेकीकडे ढकलत होते.